लांबून बार टाकताना: एल्कच्या शिकारीत या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या कोलोरॅडोत रायफलने एल्कची, म्हणजे इथल्या एका मोठ्या हरणाची, शिकार सुरू होते. इथे एल्कची संख्या अडीच लाखांच्या वर आहे, त्यामुळे टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंतची माणसं टॅग काढून इकडे येतात. टॅग म्हणजे एका प्राण्याचा परवाना. अलीकडे या गर्दीत आपली मराठी मंडळीही भेटतात. नव्याने शिकायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा रायफलबद्दल असतो: ही किती लांबून मारते? दुकानात उत्तर तयारच असतं. व्हिडिओंमध्ये हजार यार्डांवरचा (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) प्राणी जागच्या जागी कोसळताना दिसतो. चुकलेले बार कुणी दाखवत नाही. पोटात गोळी घेऊन दरीत उतरलेला, तिथे दिवस-दीड दिवस तडफडून मेलेला एल्क कुणाच्याच कॅमेऱ्यात नसतो.

मी इथे शिकार करतो आणि ते मांस वर्षभर घरात शिजतं. शिकारीला माझा विरोध नाही. प्राण्याला कळायच्या आत मरण यावं आणि त्याचं मांस वाया जाऊ नये, ही शिकारीची किमान अट आहे असं मी मानतो. लांबून टाकलेल्या बारात ती अट सर्वांत आधी मोडते. कुठे आणि कशी, ते पुढे लिहितो.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच स्पष्ट करतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने आपल्याकडे हौसेच्या शिकारीची वाट पूर्ण बंद केली आहे. माणसाच्या जिवावर उठलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११खाली अधिकृत परवानगी मिळू शकते, असे मोजकेच अपवाद. पुढचं सगळं जिथे शिकार कायदेशीर आहे, तिथल्यासाठी आहे.

आपली मर्यादा दुसऱ्याला विचारणं

"चारशे यार्ड चालतील का?" याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही.

लांबून मारण्याचा वाद अमेरिकेत नवा नाही. १८७०च्या दशकात कातडी विकणारे शिकारी जड शार्प्स रायफली घेऊन बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यांच्या, कळपापासून दोन-तीनशे यार्डांवर बसत. कळपाची पुढारी गाय आधी फुप्फुसात गोळी घालून थांबवायची, म्हणजे बाकीचा कळप गोंधळून तिच्याभोवती घुटमळतो, आणि मग एकेक टिपत जायचं. प्राण्यांना माणूस दिसतही नसे. कोट्यवधी बायसन होते, ते दशक-दीड दशकात हजाराच्याही खाली आले. हा संहार डोळ्यांसमोर असतानाच १८८७ साली पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि निसर्गअभ्यासक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी काही सोबत्यांसह बून अँड क्रॉकेट क्लब काढला. इथले शिकारी आज ज्याला फेअर चेस म्हणतात, तो विचार या क्लबने रुजवला. मोकळा, रानटी प्राणी कायद्याने आणि खिलाडूपणे मिळवायचा, आणि त्याला निसटायची खरी संधी राहील असंच वागायचं.

लांब पल्ल्याच्या बाराबद्दल या क्लबने यार्डांचा आकडा दिलेला नाही. तो हेतू बघतो. आपली बंदूक आणि आपला हात किती लांब पोचतो हे जिवंत प्राण्यावर तपासून बघायचं असेल, तर ती शिकार नव्हे, असं त्याचं म्हणणं आहे. मला हे पटतं, पण एवढ्यावर भागत नाही. हेतू स्वच्छ असलेला माणूसही नेम कच्चा असेल तर प्राण्याला जखमीच करणार. म्हणून आकडा हवाच, फक्त तो स्वतः शोधलेला हवा.

त्यासाठी आठ इंची कागदी ताटली पुरते. म्यूल डिअर हरणाच्या छातीतला काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण आठ ते दहा इंचांचा असतो. एल्कचा मोठा असतो, पण तो मोठेपणा चुकीसाठी राखून ठेवा. ताटली लावा, चढ चढून या, धाप लागलेली असताना पाठपिशवीवर किंवा गुडघ्यावर रायफल टेका आणि एकच गोळी झाडा. थंड नळीतली पहिली गोळी. दुसरी झाडायची नाही, त्या दिवसाचा हिशेब तिथेच संपला. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वाऱ्यात पुन्हा. अशा दहा पहिल्या गोळ्यांतल्या दोन जरी ताटलीबाहेर गेल्या, तर तुमची मर्यादा त्या अंतराच्या अलीकडे आहे. बहुतेकांची मर्यादा दोनशे ते तीनशे यार्डांच्या दरम्यान निघते. माझी तीनशे आहे, आणि वारा असेल तर तीही नाही.

बाकावरचा नेम डोंगरावर नेणं

शूटिंग रेंजवर सिमेंटचं बाक असतं, खाली वाळूची पिशवी असते, अंतर पाटीवर लिहिलेलं असतं. तिथे शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात बसल्या की माणूस मनात हिशेब करतो: पाचशेवर पाच इंच, म्हणजे झालंच काम. डोंगरावर तोच माणूस उतारावर तिरका बसलेला असतो, बोटं गारठलेली असतात, काळीज धडधडत असतं. एका इंचाचे तीन इंच सहज होतात. पाचशे यार्डांवर ते पंधरा होतात. हरणाचं वर्म दहा इंचांचं. वाऱ्याचा तर अजून विचारही केलेला नाही.

कोल्हापुरातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. अंतर ठरलेलं, लक्ष्य जागचं न हलणारं, वारा दाखवायला झेंड्या लावलेल्या. तरीही गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने या तीन स्थितींचा सराव करण्यात वर्षं जातात. आपण शनिवारी दोन तास रेंजवर घालवून त्याच्या दहापट अंतरावर जिवंत प्राण्यावर बार टाकायला निघतो, तेव्हा जरा थांबून विचार करायला हवा.

वाऱ्याच्या बाबतीत अंदाजपंचे चालणं

गोळी किती खाली पडणार हे आता मोबाइलही सांगतो. रेंजफाइंडर अंतर देतो, टरेट, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीची (स्कोपची) चकती, तेवढं फिरवलं की झालं. वारा मात्र कुठलंही यंत्र तुमच्यासाठी नीट मोजत नाही, कारण तो तुमच्यापाशी एक असतो, मधल्या दरीवर दुसरा आणि प्राण्यापाशी तिसरा.

६.५ क्रीडमूर या इथल्या लोकप्रिय काडतुसाचं उदाहरण घेतो. १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) लांबट गोळी, सेकंदाला २,७०० फूट वेगाने सुटलेली. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला ३०० यार्डांवर सुमारे ५ इंच सरकवतो. ५०० यार्डांवर १५ इंच. ८०० वर साडेतीन फूट. अंतर तिप्पटही झालेलं नाही आणि सरकणं आठपट झालं.

आता स्वतःला विचारा: समोरच्या धारेवरचा वारा ताशी ६ मैल आहे की १०, हे मला इथून सांगता येतं का? गवत हलतंय, अ‍ॅस्पेनची पानं थरथरतायत, यापलीकडे बहुतेकांना काही कळत नाही. चार मैलांची ही चूक ५०० यार्डांवर सहा इंच नेते. वर्माच्या मधोमध धरलेला नेम सहा इंच सरकला की गोळी दहा इंचांच्या वर्तुळाबाहेर. वारा शेपटीच्या बाजूला वाहत असेल तर ती थेट कोथळ्यात जाते. प्राणी पाठीची कमान करून, जड पावलांनी झाडीत शिरतो. त्याला मरायला तासन् तास लागतात.

दुपारी ऊन तापलं की दरीतून वारा वर चढतो, आणि दरी ओलांडून टाकलेल्या गोळीला तो खालून उचलतो. हे तर गोळी किती पडेल ते सांगणाऱ्या कुठल्याच तक्त्यात नसतं. रायफलीपाशी वारा पडलेला आहे म्हणून निर्धास्त होणं, ही माझ्या मते लांब पल्ल्यातली सर्वांत महागडी चूक आहे. दुर्बिणीतून प्राण्याच्या आसपासचं गवत बघा, मधल्या दरीत धूळ किंवा पानं कुठे जातायत ते बघा. तिन्ही ठिकाणचा वारा एकमेकांशी जुळत नसेल तर बोट चापावरून काढा.

उभा आहे म्हणजे उभाच राहील असं धरणं

तीच गोळी ५०० यार्ड जायला सुमारे ०.६४ सेकंद घेते. चाप ओढायचा निर्णय आणि प्रत्यक्ष बार यांच्यातला क्षण वेगळा. चरणारा एल्क डोकं खाली ठेवून उभा असतो आणि काहीही इशारा न देता एक पाऊल पुढे टाकतो. चालत्या एल्कचा वेग सेकंदाला मीटरहून जास्त असतो. म्हणजे गोळी हवेत असताना तो अडीच-पावणेतीन फूट पुढे गेलेला असतो, आणि छातीसाठी निघालेली गोळी मांडीत किंवा पोटात लागते. यात नेम चुकलेला नसतो, वारा चुकलेला नसतो, रायफल उत्तम असते. तरी प्राणी जखमी होतो. कितीही सराव केला तरी यावर इलाज नाही, म्हणून याला मी सर्वांत वजनदार मुद्दा मानतो. हजार यार्डांवर हाच वेळ दीड सेकंदाच्या आसपास जातो.

धनुष्यवाल्यांनीही हे लक्षात घ्यावं. कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फुटांच्या आसपास जातो, म्हणजे ६० यार्डांना त्यालाही तेवढाच वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोचतो आणि हरीण उडी घेण्यासाठी खाली दबतं. बाणाचे ६० यार्ड म्हणजे रायफलचे ५०० यार्डच समजा.

गोळी पोचली की काम झालं असं मानणं

कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचांत), ८५ ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. जर्मनीत रो या छोट्या हरणाहून मोठ्या खुरांच्या प्राण्यांसाठी ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल. दोन्हीकडे मोजमाप शंभरावरचं आहे. वरच्या उदाहरणातल्या गोळीचा वेग ७०० यार्डांवर १,८०० फुटांच्या खाली उतरतो. बऱ्याच तांब्याच्या गोळ्या त्या वेगाला आत शिरल्यावर नीट फुलत, म्हणजे पसरत, नाहीत. बारीक भोक पाडून आरपार जातात, रक्त कमी सांडतं, मागही लागत नाही. आपल्या काडतुसाच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत फुलण्यासाठी लागणारा किमान वेग दिलेला असतो. तो वाचा.

ओळख न पटवता बार टाकणं

कोलोरॅडोच्या बहुतेक विभागांत नर एल्क मारायचा तर त्याच्या एका बाजूच्या शिंगाला किमान चार टोकं हवीत, किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंच लांब हवं. सहाशे यार्डांवर, तिरप्या उन्हात, फांद्यांच्या मागे पाच इंचांचं टोक कसं मोजणार? स्पॉटिंग स्कोप लावून मिनिट-दोन मिनिटं बघावं लागतं, तरीही शंका उरते. दरवर्षी एल्क समजून मूस, म्हणजे त्याहूनही मोठं हरीण, मारल्याच्या घटना घडतात, आणि मूस काही लपून राहणारा प्राणी नव्हे.

कळपाच्या बाबतीत याहून वाईट घडतं. पहिला बार होतो, धक्क्याने स्कोपमधलं चित्र हरवतं. पुन्हा सापडतं तेव्हा कळप एकत्र झालेला असतो. सहाशे यार्डांवरून सगळे नर सारखेच दिसतात. "आपला" समजून दुसऱ्यावर गोळी जाते, आणि एका टॅगवर दोन प्राणी जखमी होतात. जवळून मारलं तर कुठला लंगडतोय, कुठला मागे पडतोय ते दिसतं. सोबती असेल तर त्याने पूर्ण वेळ दुर्बीण त्या एकाच प्राण्यावर धरून ठेवावी. त्याने "हाच" म्हटल्याशिवाय दुसरा बार नको.

लांबून डोक्यावर नेम धरू नका. डोकं सतत हलतं, मेंदू लहान असतो, आणि चुकलेली गोळी जबडा फोडून जाते. असा एल्क पळून जातो आणि खाता येत नाही म्हणून उपासमारीने मरतो. तोंडाची जखम प्राण्याचं पुढचं सगळं आयुष्य कसं बदलते याची आपल्याकडची नोंद आहे: १९०७ साली कुमाऊंत मारली गेलेली चंपावतची नरभक्षक वाघीण. तिच्या उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते, कुणाच्या तरी जुन्या गोळीने.

जवळ जाता येत असताना न जाणं

सहाशे यार्डांवर प्राणी दिसला की नवा शिकारी बायपॉड, म्हणजे रायफलचा दोन पायांचा टेकू, उघडतो. अनुभवी शिकारी आधी वारा बघतो आणि मग मधली जमीन.

डोंगरातल्या वाऱ्याला वेळापत्रक असतं. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर जाते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून सकाळी प्राण्याच्या वर राहायचं नाही, दुपारी खाली राहायचं नाही. खिशात पावडरची छोटी बाटली ठेवा आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून बघा. एल्कची नजर बरी असते, कान तिखट असतात, पण नाकापुढे कुणाचं काही चालत नाही.

मग मधल्या जमिनीचे तुकडे पाडा. ही घळ, तिथून तो आडवा पडलेला वठलेला स्प्रूस, तिथून ती उंचवट्याची कड. प्रत्येक टप्प्यावर थांबून कळपातल्या म्हाताऱ्या मादीकडे बघा. शिंगंवाल्यापेक्षा पहारा तिचाच कडक असतो. तिने डोकं वर केलं की पाय अधांतरी असला तरी हलायचं नाही. ती पुन्हा चरायला लागली, कान सैल पडले, की पुढचं पाऊल. अडीचशे यार्डांवर पोचलात की चित्र पालटतं: श्वासाबरोबर हलणारी बरगडी दिसते, पुढच्या पायामागची सुरकुती दिसते, नेम कुठे धरायचा ते शोधावं लागत नाही. कधी मध्येच वारा फिरतो आणि कळप भुर्रकन झाडीत नाहीसा होतो. ते चालतं. त्याला निसटायची संधी होती, त्याने ती घेतली.

दरी इतकी उभी असते की जवळ जाताच येत नाही, असंही होतं. मग तो प्राणी त्या दिवशी तुमचा नाही.

संध्याकाळचा शेवटचा बार

कोलोरॅडोत कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बार टाकता येतो. पण दरीपलीकडे ५०० यार्ड म्हणजे उतरून-चढून तास-दीड तासाची वाट. तिथे पोचाल तेव्हा मिट्ट काळोख असेल, कुठल्या झुडपापाशी तो उभा होता ते कळणार नाही. रक्त शोधायला हेडलॅम्प, रात्रीतून बर्फ पडलं तर सगळाच माग पुसलेला. मेलेल्या एल्कचं शरीर एवढं मोठं आणि केसाळ असतं की थंड रात्रीही आतलं मांस उष्णतेने हाडालगत नासायला लागतं. सूर्य टेकल्यावर आपली मर्यादा निम्मी धरा.

हत्यारातल्या बारीक गफलती

या भराभर सांगतो, कारण त्या टाळणं सोपं आहे. विमानाने आलात तर पोचल्यावर झीरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी जुळते का, ते तपासल्याशिवाय डोंगरावर जाऊ नका, सामानाच्या आदळआपटीत स्कोप हलतो. ह्यूस्टनच्या समुद्रसपाटीवर बनवलेला तक्ता दहा हजार फुटांवर चालत नाही, विरळ हवेत गोळी कमी पडते. टरेट फिरवून बार टाकला किंवा नाही टाकला, तरी तो परत शून्यावर आणा. न आणता दुसऱ्या दिवशी दीडशे यार्डांवरच्या प्राण्याच्या पाठीवरून गोळी गेल्याचे प्रकार नेहमीचे आहेत. रेंजफाइंडरने दोन-तीनदा मोजा, त्याचा किरण अलीकडच्या गवतावर किंवा पलीकडच्या खडकावर लागतो. ५०० ऐवजी ५५० असेल तर गोळी सुमारे वीतभर, म्हणजे नऊ-दहा इंच खाली पडते. रायफल तिरकी धरली जात असेल तर स्कोपवर बुडबुड्याची लेव्हल लावा. आयडाहोसारख्या राज्यात रायफलला जोडलेली बहुतेक इलेक्ट्रॉनिक साधनं आणि १६ पाउंडांहून जड रायफल चालत नाही, म्हणून राज्याचं नियमपुस्तक आधी वाचा. आणि प्राण्याच्या मागे माती नसेल, आभाळ असेल, तर बार टाकायचाच नाही. ती गोळी मैलांवर कुठे उतरेल सांगता येत नाही.

बार झाल्यावरच्या चुका

लांबच्या बारानंतर सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "चुकला वाटतं". आणि माणूस दुसरा प्राणी शोधायला लागतो. वर्मी गोळी बसलेला एल्कही शंभर यार्ड सहज पळतो, आणि कित्येकदा काहीच झालं नाही अशा थाटात पळतो. तिथे जाऊन बघितल्याशिवाय चुकला असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

उठण्याआधी करायच्या गोष्टी: दुसरं काडतूस नळीत. प्राणी उभा असेल आणि ओळख पक्की असेल तर लगेच दुसरी गोळी. तो कुठे उभा होता, कुठल्या दोन झाडांमधून गेला, याचा मोबाइलवर फोटो काढा, त्यावर बोटाने खूण करा. स्वतःची जागाही जीपीएसवर नोंदवा. दरी ओलांडली की पलीकडचं सगळं अनोळखी दिसतं, शंभर यार्डांची चूक सहज होते. शक्य असेल तर सोबत्याला बाराच्या जागी दुर्बीण देऊन बसवा आणि हातवाऱ्यांच्या खुणा आधी ठरवून घ्या. रेडिओ वापरायचा विचार असेल तर राज्याचा नियम बघा, सगळीकडे परवानगी नाही.

पलीकडे पोचल्यावर रक्त बघा. गुलाबीसर, फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून माग काढा, प्राणी जवळच सापडेल. गडद, काळपट लाल असेल तर बहुधा यकृत. काही तास थांबावं लागतं. रक्तात हिरवट पाणी, चघळलेलं गवत, उग्र वास असेल तर गोळी पोटात आहे. इथेच धीर सुटतो आणि माणूस लगेच मागे धावतो. तसं करू नका. पोटात लागलेला एल्क बहुतेक वेळा काही अंतरावर जाऊन बसतो. मागे माणूस आला की उठतो आणि मैल-दोन मैल जातो, मग तो मिळत नाही. सहा तास, शक्य असेल तर त्याहून जास्त थांबा आणि मग दबकत जा. काहीच रक्त नसेल तरी जागेपासून गोलगोल फिरत किमान दोन-तीनशे यार्डांचा परिसर धुंडाळा, खुरांचे खोल रुतलेले ठसे शोधा, उलटलेली पानं बघा. प्रत्येक रक्ताच्या थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत गेलात तर मागे वळून दिशा कळते. काम झाल्यावर ते तुकडे उचलून आणा.

जर्मनीत जखमी प्राण्याचा माग काढण्यासाठी कुत्र्यांच्या खास जाती आहेत, हनोव्हरचा आणि बव्हेरियाचा हाउंड. प्रशिक्षित कुत्रा घेऊन शोध घेणं हा तिथे शिकारीचाच भाग मानला जातो. अमेरिकेत काही राज्यांत पट्टा बांधलेला माग काढणारा कुत्रा चालतो, काहींत नाही. हंगामाआधीच अशा कुत्रेवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. जखमी प्राणी हाती लागला नाही तर शोध किती वेळ चालवायचा, याला माझं उत्तर: तो दिवस पूर्ण, आणि दुसरा दिवसही. आकाशात घिरट्या घालणारे कावळे आणि मॅगपाय बघत राहा, मेलेला प्राणी बहुधा त्यांनाच आधी सापडतो.

आणि तरीही नाही मिळाला तर? नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत रक्त सांडलं की प्राणी मारला असं धरतात. सापडो न सापडो, शिकाऱ्याने त्याचे पूर्ण पैसे भरायचे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी कायदा एवढी सक्ती करत नाही, टॅग खिशात कोराच राहतो आणि दुसऱ्या एल्कवर बार टाकायची मुभा असते. माझ्या छावणीत आम्ही ती मुभा घेत नाही. रक्त दिसलं की त्या माणसाचा हंगाम संपला. उरलेले दिवस तो दुसऱ्यांसाठी दुर्बीण धरतो, लाकडं फोडतो, मांस वाहून आणतो. आमच्याबरोबर येणाऱ्याला हे निघायच्या आधी, त्याचं विमानाचं तिकीट काढण्यापूर्वीच सांगितलेलं असतं.